घरातलं ऊन: उष्णतेच्या लाटेत आई-वडिलांना कसं जपायचं

माझ्या आईला ऊन लागलं तेव्हा ती उन्हात गेलीच नव्हती. अकोल्याचं घर, मे महिना, पारा सलग चार दिवस ४४-४५ वर. आईचं वय ७६. पंखा सुरू होता पण अंगावर चादर, कारण वाऱ्यानं सांधे धरतात. काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "मले काई होत नाई, तू आपलं काम कर." दोन दिवस ती कमी बोलत होती, अर्धी पोळी ताटात ठेवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. आम्ही म्हटलं, वय झालं. संध्याकाळी न्हाणीपर्यंत जाताना तिचा तोल गेला, दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की शरीरातलं पाणीही कमी झालंय आणि सोडियमही. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ते भर उन्हाळ्यात, खाणंपिणं निम्म्यावर आलेलं असताना, तसंच सुरू होतं.

आई बरी झाली. मात्र त्या तीन दिवसांत तिचं शरीर आम्हाला सगळं सांगत होतं आणि आम्हाला ते वाचता आलं नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून आणि दर उन्हाळ्यात घरात करून पाहून जे हाताशी लागलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. विदर्भातलं कोरडं ऊन डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. मुंबई-कोकण-गोव्याचा दमट उकाडा वेगळा वागतो, त्याबद्दल पुढे स्वतंत्र सांगेन.

आधी हे समजून घ्या: त्यांना उकडत नाही, पण ऊन लागतं

तरुण माणसाला तापायला लागलं की तीन गोष्टी होतात. तहान लागते, घाम सुटतो आणि कातडीकडे रक्त धावून उष्णता बाहेर टाकली जाते. साठीनंतर हे तिन्ही मंदावतं. तहान उशिरा आणि कमी लागते. घाम कमी येतो. हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलणं जड जातं. शरीरात पाण्याचा साठाच मुळात कमी असतो, आणि मूत्रपिंडं पाणी पूर्वीसारखं राखून धरत नाहीत. त्यात उष्ण-गारची जाणीवही बोथट होते. म्हणूनच मे महिन्यात आजोबा बंडीवर सदरा घालून बसतात आणि आजी गोधडी ओढून घेते. त्यांना खरंच उकडत नसतं. ते खोटं बोलत नाहीत, हट्टही करत नाहीत. त्यांच्या शरीराची घंटा वाजायची बंद झालेली असते.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच आहे: तहान आणि तक्रार यांवर विसंबायचं नाही. घड्याळ, मापाची बाटली, थर्मामीटर आणि दुसऱ्या माणसाची नजर यांवर विसंबायचं.

उन्हानं गेलेल्या वृद्ध माणसाच्या दाखल्यावर बहुतेक वेळा उष्माघात लिहिलेला नसतो. हृदयविकार, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी, असं काहीतरी असतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या सगळ्या मृत्यूंची मोजदाद केली, तेव्हा ते नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त भरले. त्यातूनच २०१३ साली अहमदाबाद महापालिकेनं उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि मग इतर शहरांनी तो कित्ता गिरवला. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. त्यात बहुसंख्य वृद्ध होते आणि अनेक जण घरात एकटे होते.

पायरी १: होळी झाली की डॉक्टरांकडे, औषधांची पिशवी घेऊन

हे काम एप्रिलच्या आत उरकावं. लाट आल्यावर डॉक्टरांची वेळ मिळत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणंही नको वाटतं. चिठ्ठी नेऊ नका, औषधांची पिशवीच न्या. घरात प्रत्यक्ष काय घेतलं जातं आणि चिठ्ठीवर काय आहे, यात बरेचदा फरक असतो.

विचारायचं ते असं. लघवी वाढवणारं औषध आहे का? हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड ही नावं बघा. बीपीच्या एकाच गोळीत दोन औषधं असतात आणि त्यातलं दुसरं पुष्कळदा हेच असतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधं चालू असताना शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलनं हृदयाची गती वाढायला अडसर होतो, आणि उन्हात तर ती वाढावी लागते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही लघवीवाटे काढतात. लघवीवरचा ताबा सुटू नये म्हणून दिलेली काही औषधं, जुन्या पद्धतीच्या सर्दी-खाजेच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीन आणि कंपवातातलं ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करतात. मानसिक आजारावरची काही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेतच ढवळाढवळ करतात. लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातली त्याची पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते.

ही नावं वाचून एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बीपीची गोळी अचानक थांबवल्यानं जे होतं ते उन्हाहून वाईट असू शकतं. डॉक्टरांना फक्त दोन प्रश्न विचारा: उन्हाळ्यापुरता यातला कोणता डोस बदलायचा का? आणि उलट्या-जुलाब झाले किंवा खाणंपिणं सुटलं तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिॲटिनिनची (मूत्रपिंडं कशी चालतात हे दाखवणारी) तपासणी याच भेटीत करून घेतली, तर पुढे काही झालं तेव्हा तुलना करायला आकडा हाताशी असतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा: "यांनी दिवसाला किती प्यायचं?" हृदय कमजोर असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. त्यांना पुढे लिहिलेली मापं लागू नाहीत.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी उन्हाळ्यात विशेष घातक. अंगात पाणी कमी असताना ती थेट मूत्रपिंडावर जाते. कित्येक घरांत ती डब्यात असते आणि "दुखलं की एक" अशी घेतली जाते. डबा एकदा उघडून पाहा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी न फोडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं ठेवायचं, आत कोरड्या डबीत कुपी, वर ओलं फडकं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे चांगलं गार राहतं. खिडकीच्या कडेला किंवा गाडीच्या डिकीत राहिलेली कुपी वापरू नका.

पायरी २: घर

सगळ्यात आधी एक भिंतीवरचं थर्मामीटर आणा आणि आई-वडील जिथे झोपतात त्या खोलीत, पलंगाच्या उंचीवर लावा. हवामान खात्याचा आकडा मोकळ्या जागेतल्या सावलीचा असतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची किंवा पत्र्याखालची खोली रात्री दहाला बाहेरच्यापेक्षा गरम असू शकते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वृद्धांची खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली असावी. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीचे २४ ही बहुतेक घरांत अशक्यच गोष्ट. तरीही आकडा समोर असला की खोली बदलायची वेळ कळते. मी ३५ ही आमची रेघ ठरवली आहे. त्यावर गेलं की आई त्या खोलीत राहत नाही.

खोली बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. तळमजल्यावरची, उत्तरेकडची किंवा मधली खोली त्यांना द्या, मग ती दिवाणखान्याची का असेना. संकोच त्यांनाच वाटतो: "येणाऱ्याजाणाऱ्यासमोर पलंग कसा टाकायचा?" दोन महिन्यांचा प्रश्न आहे, टाका.

सकाळी नऊ-साडेनऊला खिडक्या बंद आणि पडदे ओढायचे. दिवस मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. पडदा काचेच्या बाहेरच्या बाजूला असला तर उत्तम: वाळ्याची ताटी, बांबूची चटई, जुनं तरट. काच एकदा तापली की आतला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो.

छतावर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारून घ्या. डिंक किंवा फेविकॉल कालवलं तर चुना टिकतो. पत्र्यावर तुराट्या-पळाट्या किंवा पाचट अंथरायची आपल्याकडची जुनी रीत कामाची आहे, फक्त विजेच्या तारा आणि चुलीचं धुरांडं यांपासून ते लांब ठेवा. उन्हाळ्यात हे सगळं भुरकन पेटतं.

कूलरबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक घरं त्याच्यावरच निभावतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढून गार करतो. ही हवा खोलीत शिरते तशी बाहेरही पडली पाहिजे. समोरची एक खिडकी किंवा दार चार बोटं उघडं हवंच. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली चिकट होते, घाम वाळत नाही, आणि मग "कूलरनं अंग जड होतं" म्हणून म्हातारी माणसं तो बंद करायला लावतात. त्यांचं म्हणणं बरोबर असतं, चूक आपल्या मांडणीची असते. झोत थेट अंगावर नको, पायांकडून किंवा भिंतीवर आपटून येऊ द्या. सांधे धरण्याची तक्रार यानं निम्मी होते.

कूलरच्या शॉकनं दर उन्हाळ्यात जीव जातात. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. लोखंडी बॉडीला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या, आणि घराला गळती ओळखून वीज तोडणारं ईएलसीबी बसवून घ्या. आई-वडिलांनी कूलरमध्ये पाणी टाकायचंच नाही, हा नियमच करा. भोवतालची फरशी ओली असते, पाय अनवाणी असतात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

नुसता पंखा ३८-३९ पर्यंत चालतो. खोली ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा भट्टीसारखी हवा मारतो, आणि म्हाताऱ्या माणसाला घामही पुरेसा नसतो. तेव्हा अंग ओलं करावंच लागतं. हात, मान, चेहरा, पोटऱ्या दर पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि मग पंखा लावायचा. गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्यानं बरं वाटतं, पण खोली गार करण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

पायरी ३: पाणी, आणि पाण्याआधी संडास

"आई, पाणी पी" असं दिवसात वीस वेळा म्हणून काही होत नाही. म्हातारी माणसं पाणी का टाळतात हे आधी बघा. बायकांना लघवी थांबत नाही, पुरुषांना प्रोस्टेटमुळे पुन्हापुन्हा जावं लागतं. संडास अंगणाच्या टोकाला आहे, पायरी आहे, रात्री अंधार आहे, मागे एकदा पडलेले आहेत. त्यांनी मनाशी हिशेब केलेला असतो: कमी प्यायलं की कमी उठावं लागतं. हा हिशेब तुम्ही त्यांच्या तोंडून सहसा ऐकणार नाही, लाज वाटते.

तेव्हा पहिली सोय ती करा. पलंगाजवळ कमोडची खुर्ची किंवा भांडं. वाटेत रात्रीचा दिवा. भिंतीला धरायला दांडी. पाण्याचा मोठा भाग सकाळी सहा ते संध्याकाळी सातमध्ये पाजा, त्यानंतर घोट-घोट. आमच्याकडे खुर्ची आणल्यावर आठवड्याभरात आईचं पाणी न सांगता वाढलं.

मर्यादा घालून दिलेली नसेल तर पाणी, ताक, पन्हं, वरणाचं पाणी असं सगळं धरून दिवसाला दोन ते अडीच लिटर पोटात जावं. सकाळी एक लिटरच्या दोन बाटल्या भरून त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा. पहिली दुपारच्या जेवणाआधी संपली पाहिजे. मोठा पेला पुढे केला की "इतकं नको" म्हणतात. लहान वाटी किंवा फुलपात्र तासा-तासाला दिलं तर जातं. माठाचं पाणी उत्तम. फ्रिजचं बर्फगार पाणी बऱ्याच जणांना सोसत नाही आणि मग ते पाणीच टाळतात.

नुसतं पाणीही चालत नाही. घामावाटे मीठ जातं, आणि थायझाइड गटातली (वर आलेली हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोनसारखी) औषधं घेणाऱ्यांचं सोडियम आधीच काठावर असतं. त्यांनी फक्त साधं पाणी भरपूर प्यायलं तर ते आणखी खाली येतं. म्हणून दिवसात दोन वेळा मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, एकदा कैरीचं पन्हं किंवा ज्वारीची आंबील. बीपी आहे म्हणून मीठ पूर्ण तोडलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. मधुमेह असेल तर पन्ह्यात गूळ नावाला, टरबूज एक-दोन फोडी. नारळपाणी सगळ्यांना चांगलं असं समजू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा टेल्मिसार्टन-रामिप्रिल चालू असणाऱ्यांत ते वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

ओआरएसची पाकिटं घरात हवीत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी, आणि २४ तासांत संपवायचं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकणं चूक आहे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ते रोजचं सरबत म्हणून प्यायचं नसतं. जुलाब, उलट्या, खूप घाम किंवा गळून जाणं यासाठी ते राखून ठेवा. टेट्रापॅकमधल्या फळांच्या गोड पेयांवर कधी कधी ओआरएससारखं नाव असतं, पाठीमागचा मजकूर वाचून घ्या.

पुरेसं पाणी जातंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी ठीक. गडद, थोडी, वासाची असेल किंवा उन्हाळी लागून जळजळत असेल तर कमी पडतंय. आणखी चांगली खूण वजनाची. लाटेच्या दिवसांत रोज सकाळी त्याच कपड्यांत वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं तर ती चरबी नाही, पाणी गेलंय.

पायरी ४: दिवस कसा बसवायचा

हवामान खात्याच्या निकषानं मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० आणि सरासरीहून ४.५ अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट, किंवा थेट ४५ ला पोचलं तरी लाट. ४७ म्हणजे तीव्र लाट. इशारे पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येतात. म्हाताऱ्या माणसासाठी मी पिवळ्यालाच नारिंगी समजते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या दिवशी फारसं काही होत नाही. रात्र गार न झाल्यानं थकवा साठत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर हात टेकतं. एप्रिलमधली पहिली लाटही घातक असते, कारण शरीर अजून उन्हाला सरावलेलं नसतं.

फिरणं पहाटे, सातच्या आत घरी. स्वयंपाक सकाळी नऊपर्यंत उरकायचा. आपल्याकडच्या कितीतरी आज्या भर दुपारी गॅससमोर किंवा चुलीसमोर उभ्या असतात, तो ताप बाहेरच्या उन्हात मिळवून पाहा. पापड-कुरडया वाळवायला गच्चीवर त्याच जातात, दुपारी उलथायलाही त्याच. हे काम घरातल्या तरुणांनी घ्यावं. बँक, पेन्शन, रेशन, निराधार योजनेची रांग अकराच्या आत किंवा मुलानं-शेजाऱ्यानं जाऊन यावं. दुपारच्या मुहूर्ताची लग्नं ही मोठी अडचण, कारण न जाणं म्हणजे नातं दुखावणं. आई-वडिलांना आदल्या संध्याकाळी सीमंतपूजनाला न्या, आहेर तेव्हाच करा. मांडवातलं जेवणही दुपारपर्यंत आंबलेलं असू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात जुलाब परवडत नाहीत.

बाहेर जावंच लागलं तर सुती दुपट्टा डोक्या-कानांवरून, ओला करून. खिशात कांदा ठेवायची रीत मी आईला सोडायला लावली नाही, तिच्या समाधानासाठी असू दे. कांदा उष्माघात थांबवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर दुपारी कोणी बाहेर पडू नये.

दुपारची झोप चांगली, पण एकट्यानं बंद खोलीत नको. कोणीतरी मधे एकदा आत डोकावून, हाक मारून, उत्तर ऐकून यावं.

पायरी ५: एकटे राहणाऱ्यांसाठी

मुलं पुण्यात, बंगळुरूला, अमेरिकेत आणि आई-वडील नागपुरात किंवा वर्ध्यात, ही आता घरोघरची गोष्ट आहे. सकाळी आठला एक फोन आणि दुपारी चारला एक. चारचा जास्त महत्त्वाचा, कारण घर तेव्हा सर्वांत तापलेलं असतं. "कशी आहेस?" विचारू नका, उत्तर "बरी आहे" हेच येणार. असं विचारा: पहिली बाटली संपली का? भिंतीवरचा आकडा किती? लघवीला शेवटचं कधी गेलीस? सकाळी काय जेवलीस? उत्तरं गोंधळलेली, तुटक, नेहमीपेक्षा संथ वाटली तर शेजाऱ्याला लगेच पाठवा. व्हिडिओ कॉल असेल तर ओठ-जीभ कोरडी आहे का बघा.

शेजारच्या एका घराकडे किल्ली आणि तुमचा नंबर हवा. दूधवाला, कामवाली बाई, औषध दुकानदार यांनाही सांगून ठेवा की दार उघडलं नाही तर कळवा. एकट्या माणसाला विस्मरणाचा आजार असेल तर लाटेच्या दिवसांत त्याला फोनवर सांभाळता येत नाही. त्या आठवड्यापुरतं कोणीतरी तिथे जाऊन राहावं.

वीज गेली तर काय, हेही आधी ठरवा. इन्व्हर्टरवर दिव्याआधी त्यांच्या खोलीचा पंखा. दोन तासांत वीज आली नाही तर कोणाच्या तळमजल्यावर जायचं, कोण नेणार, याची बोलणी एप्रिलमध्येच झालेली असावी.

पायरी ६: खुणा

चक्कर, गळून जाणं, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी ही पहिली पायरी. अशा वेळी गार खोलीत आडवं करायचं, कपडे सैल, अंग ओलं, घोट-घोट ओआरएस. अर्ध्या-पाऊण तासात सुधारणा दिसली नाही तर डॉक्टर.

म्हाताऱ्या माणसात मात्र या खुणा पुष्कळदा येतच नाहीत. येतो तो स्वभावातला बदल. बोलकं माणूस गप्प होतं, शांत माणूस चिडतं. नावं चुकतात, चहाची वेळ विसरतात, जेवण नको म्हणतात, दिवसभर पेंगतात, नव्यानं पडतात. लाटेच्या दिवसांत असं काही दिसलं तर ते वय नाही. दुसरं कारण सापडेपर्यंत ते ऊन समजा. माझ्याकडून हेच चुकलं होतं.

कातडी तापलेली आणि शुद्ध हरपत चाललेली, बरळणं, झटके, बेशुद्धी हा उष्माघात. शरीराचं आतलं तापमान तेव्हा बहुधा ४० च्या वर असतं. घरात बसून ऊन लागलेल्या वृद्धाला घाम बहुतेक वेळा नसतोच, पण घाम आहे म्हणून उष्माघात नाही असंही नाही. काखेत लावलेलं थर्मामीटर आतल्यापेक्षा कमी दाखवतं. त्याच्या आकड्यावर थांबू नका.

पायरी ७: उष्माघात झाला तर पहिली वीस-तीस मिनिटं

१०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत थंड करणं, दोन्ही एकदम. एकानं फोन करावा, दुसऱ्यानं पाणी आणावं. इथे मिनिटं मोजावी लागतात, मेंदू शिजत असतो.

सावलीत, फरशीवर किंवा बाजेवर निजवा. अंगावर पातळ कपडा ठेवून बाकीचे काढा. नळाचं साधं पाणी डोक्यापासून पायांपर्यंत ओतत राहा आणि पंखा-कूलरचा पूर्ण झोत द्या, वीज नसेल तर सुपानं, पुठ्ठ्यानं वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. ओलं फडकं अंगावर नुसतं पांघरून ठेवू नका. ते गरम होतं आणि वाफ कोंडते. ते सतत बदला किंवा वारा चालू ठेवा.

शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका. उन्हाचा ताप तापाच्या गोळीनं उतरत नाही. कांद्याचा रस तळपायांना चोळण्यात वेळ घालवू नका. मधुमेही असेल तर बोटाची साखर तपासा, साखर उतरल्यावरही असंच बरळणं होतं. तोंड वाकडं, एक हात लुळा दिसला तर ते १०८ ला फोनवरच सांगा. गाडीत बसवून न्यायची वेळ आली तर वाटेतही खिडक्या उघड्या आणि अंग ओलं. दवाखान्यात औषधांची पिशवी आणि फ्रिजवरचा कागद सोबत न्या.

मुंबई, कोकण, गोवा

किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच लाटेचा विचार होतो. हवेत ओल इतकी की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघातानं मृत्यू झाला, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भातला माणूस ३८ ला बरा दिवस म्हणतो, किनाऱ्यावर तसं म्हणू नये.

इथे कूलर लावू नका, तो ओल वाढवतो. पंख्याचा वारा, समोरासमोरच्या खिडक्या, शक्य असेल तर त्यांच्या खोलीत दुपारी काही तास एसी, २६-२७ वर, पंख्यासोबत. दिवसातून दोन-तीनदा अंगावरून पाणी. कोकम सरबत आणि सोलकढी मीठ घालून. विदर्भातही मृगाची पहिली सर पडली की हवा अशीच होते आणि कूलर चिकचिक करायला लागतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला म्हणून लोक सैल होतात, पण हे आठ-दहा दिवस म्हाताऱ्यांना फार जड जातात. तेव्हा टाकीत पाणी न घालता कूलर नुसत्या पंख्यासारखा चालवा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर

एकदा उष्माघात झालेल्या माणसाचं शरीर पुढचे कित्येक आठवडे उष्णतेला पूर्वीसारखं तोंड देऊ शकत नाही. घरी सोडताना कोणत्या गोळ्या बंद केल्या, त्या कधी सुरू करायच्या, हे लिहून घ्या. बीपीची बंद केलेली गोळी पावसाळ्यात सुरू करायची राहून जाते आणि थंडीत तिचा त्रास उभा राहतो. सोडियम आणि क्रिॲटिनिनची तपासणी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर खूण करा. आठवडाभर तरी उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवायचं, मग उभं करायचं. आईला आम्ही घरी आणलं त्या दिवशी पलंग दिवाणखान्यात हलवला, कमोडची खुर्ची त्याच्या उजव्या हाताला आणि पाण्याच्या दोन बाटल्या डाव्या हाताला ठेवल्या. अजूनही अक्षय्य तृतीयेपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत पलंग तिथेच असतो.